उजेडात जागणारी विषे

प्रकाशाने उद्दीपित होऊन सजीव पेशींना इजा करणाऱ्या द्रव्यांचा, म्हणजे प्रकाशसंवेदकांचा, इतिहास सांगणारे ग्रंथ बहुधा बावचीपासून आरंभ करतात. कोडाच्या पांढऱ्या डागांवर बावचीच्या बियांचा लेप लावून रोग्याला उन्हात बसवण्याचा उपचार भारतात पुष्कळ जुना आहे, आणि त्याच्याच आधारे कर्करोगावरील आजच्या प्रकाशगतिक चिकित्सेची वंशावळ तीन हजार वर्षे मागे, थेट अथर्ववेदापर्यंत, नेली जाते. ही वंशावळ ऐकायला चांगली वाटत असली, तरी तपासायला घेतली की ती दोन ठिकाणी तुटते.

पहिली तूट ग्रंथांतच आहे. अथर्ववेदाच्या पहिल्या कांडातील तेविसावे सूक्त त्वचेवरील पांढरे डाग घालवण्यासाठी रात्री उगवलेल्या एका काळ्या वनस्पतीची विनवणी करते; पण त्या सूक्तात उन्हाचा उल्लेख नाही आणि ती वनस्पती बावचीच होय, असे मानायला सूक्तात काही आधारही नाही. उन्हाचा स्पष्ट निर्देश चरकसंहितेत सापडतो. श्वित्राच्या, म्हणजे कोडाच्या, चिकित्सेत मलपूचा रस गुळाबरोबर पाजून रोग्याने झेपेल तितके ऊन घ्यावे असे तेथे सांगितले आहे. मात्र मलपू म्हणजे बावची नव्हे, तर उंबराच्या जातकुळीतले एक झाड. त्याच जातकुळीतल्या अंजिराच्या चिकात बावचीतील द्रव्याच्याच वर्गातली फ्युरोकुमरिने असतात आणि तो चीक लागलेली त्वचा उन्हात भाजल्यासारखी होते, हे लक्षात घेतले तर चरकाचा उपाय निराधार ठरत नाही. तेराव्या शतकातील अंदालुसी वनस्पतिज्ञ इब्न अल् बैतार याने वायव्य आफ्रिकेतील एका बर्बर टोळीचा असाच उपाय नोंदवला आहे, आणि त्यातील वनस्पती अम्मी माजुस ही होती. तिच्या बियांतून कैरोच्या फहमी व अबू शादी यांनी १९४७ साली शुद्ध द्रव्ये वेगळी काढली आणि त्याच शहरातील एल् मोफ्ती यांनी ती रोग्यांवर वापरली. बावचीच्या बियांतून सोरालेन मिळवण्याचे काम जोईस, मंजुनाथ व त्यांचे सहकारी यांनी त्याआधीच, १९३३ साली, भारतात केलेले होते. १९७४ मध्ये बोस्टन येथील पॅरिश, फिट्झपॅट्रिक, टॅनेनबाउम आणि मधू पाठक यांनी सोरायसिसवर सोरालेन आणि दीर्घ लांबीचे अतिनील किरण यांची जोड वापरली, तेव्हा या परंपरेला आधुनिक रुग्णालयात जागा मिळाली.

दुसरी तूट अधिक महत्त्वाची आहे, कारण ती घडणाऱ्या क्रियेतच आहे. सोरालेनचा चपटा रेणू डीएनएच्या दुपदरी गोफात आधाररेणूंच्या थरांमध्ये शिरून बसतो आणि अतिनील किरण पडताच दोन्ही पदरांना चिकटून त्यांना एकमेकांशी जखडून टाकतो. त्यामुळे पेशीला आपल्या डीएनएची प्रत काढता येत नाही. इटलीतील पादुआच्या मुसाजो व रोदिगेरो यांच्या गटाने १९६०च्या दशकात ही जोडणी उलगडून दाखवली आणि तिला ऑक्सिजन लागत नाही हेही स्पष्ट झाले. सोरालेन पेशीपटलातील मेदाम्लांनाही चिकटू शकते आणि थोडाफार ऑक्सिजनही उद्दीपित करते, हे पुढे आढळले. पण तो त्याचा दुय्यम व्यापार होय. ऑक्सिजनच्या साह्याने पेशीच्या पटलाला इजा करणारी जी क्रिया आज प्रकाशगतिक म्हणून ओळखली जाते, तिचा शोध वैद्यांच्या खलात लागला नाही. तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस म्युनिकमध्ये, कोळशाच्या डांबरातून निघालेल्या रंगांच्या बाटल्यांमध्ये लागला, आणि त्यात पटलाचे नाव यायला आणखी बरीच दशके जावी लागली.

डांबरापासून रंग करण्याचा धंदा तेव्हा जर्मनीत भरात होता. ग्रेबे व कारो यांनी १८७० साली डांबरातून ॲक्रिडीन वेगळे केले, आडोल्फ फॉन बायर यांनी १८७१ मध्ये फ्लुओरेसीन बनवले आणि त्यापासून निघालेला इओसिन हा गुलाबी तांबडा रंग लवकरच बाजारात आला. कापडासाठी बनलेले हे रंग जीवाणूंना आणि परजीवींना निवडून रंगवतात, हे पाहून पाउल एर्लिख यांच्यासारख्या संशोधकांना त्यांतून औषधे मिळतील अशी आशा वाटू लागली. १८९१ मध्ये गुटमान व एर्लिख यांनी मिथिलीन ब्लू देऊन हिवतापाचे रोगी बरे केल्याचे प्रसिद्ध केले. म्युनिक विद्यापीठातील औषधिशास्त्राचे प्राध्यापक हेरमान फॉन टापाइनर यांनी याच ओघात ऑस्कर राब नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याला ॲक्रिडीनचे काम दिले. हिवतापाचा परजीवी प्रयोगशाळेत वाढवणे तेव्हा शक्य नसल्याने, त्याच्याऐवजी डबक्यातला पॅरामेशियम हा एकपेशीय जीव घेऊन, रंगाच्या किती सौम्य द्रावणात तो किती वेळ तग धरतो एवढेच राबने मोजायचे होते.

१८९७-९८च्या हिवाळ्यातील हे प्रयोग मोजमापाच्या दृष्टीने फसले. तेच द्रावण, तेच जीव, आणि तरीही मरणाचा अवधी एका दिवशी थोडा तर दुसऱ्या दिवशी कितीतरी पट अधिक भरू लागला. एका प्रयोगाच्या वेळी आभाळ भरून वादळ आले होते आणि त्यावरून राबचे लक्ष खोलीतल्या उजेडाकडे गेले, असे सांगितले जाते. वादळाची गोष्ट बाजूला ठेवली, तरी राबने पुढे केलेल्या कामाची शिस्त पाहण्यासारखी आहे. नुसत्या उजेडात पॅरामेशियम जगत होते, अंधारात ॲक्रिडीनमध्येही ते दीर्घकाळ जगत होते. आधी उन्हात ठेवलेले द्रावण नंतर अंधारात वापरले तर ते अधिक विषारी होत नव्हते, आणि ॲक्रिडीनच्याच द्रावणातून गाळून आलेल्या प्रकाशात मारण्याची शक्ती उरत नव्हती. म्हणजे रंगाने शोषलेला प्रकाशच, आणि तोही रंग व जीव एकत्र असतानाच, घातक होता. राबने १९०० साली हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रतिदीप्तीतून, म्हणजे शोषलेला प्रकाश वेगळ्या रंगाने परत फेकण्यातून, हानी घडत असावी असा त्याचा कयास होता. तो पुढे टिकला नाही, पण प्रयोग मात्र टिकले. टापाइनर यांनी त्याच सुमारास या क्रियेचा त्वचारोगांत उपयोग होईल असे भाकीत केले.

या क्रियेचा तिसरा घटक, ऑक्सिजन, लवकरच सापडला. हवा काढून घेतलेल्या द्रावणात रंग आणि उजेड दोन्ही असूनही जीव मरत नाहीत, हे टापाइनर आणि त्यांचे सहकारी आल्बर्ट योडलबाउअर यांनी दाखवले, आणि १९०४ मध्ये ‘प्रकाशगतिक’ ही संज्ञा वापरात आणली. छायाचित्राच्या काचा रंगांनी संवेदनशील करण्याची कृती फोगेल यांच्यामुळे १८७३ पासून परिचित होती आणि तिच्याशी या नव्या क्रियेची गल्लत होऊ नये, हाही त्या नावामागचा हेतू होता. दरम्यान १९०३ साली टापाइनर व येसिओनेक यांनी त्वचेच्या कर्करोगावर इओसिन लावून त्यावर प्रकाश सोडला होता. हा रंग माणसाच्या त्वचेवर काय करतो याची सूचना खरे तर त्याआधीच मिळाली होती: फ्रान्समध्ये प्रीम यांनी अपस्माराच्या रोग्यांना इओसिन पोटातून दिले असता त्यांच्या शरीराच्या उघड्या भागांची त्वचा उन्हाने सुजली, आणि १९०० साली त्यांनी ते औषधाचे विषारी दुष्परिणाम म्हणून नोंदवले. एकाच वर्षी दोन देशांत एकाच क्रियेची नोंद झाली. एकाने तिला नियम मानले, दुसऱ्याने अपघात.

पॅरामेशियमवरून सस्तन प्राण्यांच्या पेशीकडे येताना सर्वांत सोयीची ठरली ती तांबडी रक्तपेशी. १९०५ मध्ये झाखारोव्ह व झाक्स यांनी प्रकाशगतिक रंगांमुळे रक्तपेशी फुटतात हे दाखवले, आणि त्यानंतर ही पेशी या विषयाची जणू कसोटीच होऊन बसली. सस्तन प्राण्यांच्या प्रौढ तांबड्या पेशीत केंद्रक नसतो, तंतुकणिका नसतात. हिमोग्लोबिनने भरलेली, पटलाने वेढलेली ती एक पिशवी असते. ती फुटली, तर दोष पटलाकडेच जातो. तरीही पहिल्या तीन-चार दशकांत हा निष्कर्ष ठामपणे कोणी काढला नाही, कारण पटल म्हणजे नेमके काय हेच तेव्हा निश्चित नव्हते. गोर्टर व ग्रेन्डेल या डच संशोधकांनी रक्तपेशींतले मेद पाण्यावर पसरून, ते पेशीला दोन पदरांत वेढण्याइतके असतात हे १९२५ मध्ये मांडले. आणि मेदाच्या या दुपदरी थरात प्रथिने तरंगत असतात, हे सिंगर व निकोल्सन यांचे चित्र तर १९७२ चे आहे.

पेशी फुटते कशी, याची सूचना मात्र एका साध्या निरीक्षणात दडलेली होती. थोडा वेळ उजेड देऊन रक्तपेशी पुन्हा अंधारात ठेवल्या, तर त्या लगेच फुटत नाहीत. काही काळ धडधाकट दिसतात आणि मग अंधारातच फुटत जातात. उजेडाने पटल फाटत नाही, ते गळके होते. प्रथम पोटॅशियमचे आयन बाहेर झिरपतात आणि सोडियमचे आत येतात. हिमोग्लोबिनचा मोठा रेणू आत अडकून राहतो आणि त्याच्या ओढीने पाणी आत शिरत जाते. पेशी फुगते आणि ताण असह्य झाला की हिमोग्लोबिन बाहेर सांडते. हॅरल्ड ब्लम यांनी १९४१ साली प्रकाशगतिक क्रिया आणि प्रकाशजन्य रोग यांवर लिहिलेल्या ग्रंथात तोवरचा हा सारा पसारा एकत्र आणला, आणि त्या ग्रंथात रक्तपेशींना मोठी जागा आहे.

कारखान्यातील रंगांप्रमाणेच शरीरातील स्वतःचे रंगही असे वागतात, ही ओळख व्हिएन्नाच्या वाल्टर हाउसमान यांनी करून दिली. रक्तातील तांबड्या द्रव्यातून लोह काढून टाकले की हिमॅटोपोर्फिरिन उरते. शेरर यांनी १८४१ मध्येच सल्फ्युरिक आम्लाने असे लोहविरहित द्रव्य मिळवले होते आणि होप-झाइलर यांनी १८७१ मध्ये त्याला नाव दिले. हाउसमान यांनी १९०८ ते १९११ या काळात त्याचा परिणाम प्रथम पॅरामेशियम व रक्तपेशींवर आणि मग पांढऱ्या उंदरांवर पाहिला. हे द्रव्य टोचलेले उंदीर अंधारात सुखरूप राहिले. उजेडात मात्र त्यांची त्वचा लाल होऊन सुजली आणि तीव्र उजेडात ते थोड्याच वेळात मेले. १९१२च्या ऑक्टोबरात फ्रीडरिश मायर-बेट्झ या जर्मन वैद्याने २०० मिलिग्रॅम हिमॅटोपोर्फिरिन आपल्याच शिरेत टोचून घेतले आणि उन्हात गेल्यावर त्याचा चेहरा ओळखू न येण्याइतका सुजला. उन्हाचा हा त्रास त्याला सुमारे दोन महिने पुरला. आज कोणतीही नैतिक समिती या प्रयोगाला परवानगी देणार नाही. माणसाच्या ऊतीत पोर्फिरिन किती काळ मुरून राहते याचे पहिले माप मात्र त्यातूनच मिळाले.

वैद्य आणि रसायनज्ञ यांच्यापेक्षा कितीतरी आधी ही इजा मेंढपाळांनी पाहिली होती. हायपेरिकम ही पिवळ्या फुलांची वनस्पती चरलेल्या मेंढ्यांपैकी पांढऱ्याच तेवढ्या उन्हात आजारी पडतात, हे दक्षिण इटलीत अठराव्या शतकात माहीत होते, आणि म्हणून त्या भागात काळ्या मेंढ्या पाळण्याकडे कल होता. काळी लोकर व काळी कातडी प्रकाश अडवते. या वनस्पतीतील तांबडे द्रव्य, हायपेरिसिन, ब्रॉकमान यांनी १९३९च्या सुमारास शुद्ध केले. दक्षिण आफ्रिकेतील मेंढ्यांचा रोग याहून गुंतागुंतीचा होता. त्यात डोके सुजे, कातडी पिवळी पडे आणि चरण्यात सराटा आलेला असे. सराटा म्हणजे महाराष्ट्राच्या माळावर पायांत रुतणाऱ्या काट्यांची तीच वनस्पती, जिच्या फळाला वैद्य गोखरू म्हणतात. सराट्यात प्रकाशसंवेदक सापडेना. ऑन्डरस्टेपोर्टच्या पशुवैद्यक संस्थेत क्लॉड रिमिंग्टन व क्विन यांनी १९३४ मध्ये त्याचा उलगडा केला: गवतातील हरितद्रव्याचे रवंथ करणाऱ्या प्राण्याच्या पोटात फायलोएरिथ्रिन बनते, एरवी ते पित्तावाटे निघून जाते, पण यकृताला इजा होऊन पित्ताची वाट तुंबली की ते रक्तात साठते आणि कातडीत पोचते. उजेडात मारणारे द्रव्य मेंढीच्या रोजच्या चाऱ्यातूनच बनते. सराटा केवळ त्याची बाहेरची वाट बंद करण्यात हातभार लावतो. महाराष्ट्रातील रानोमाळ पसरलेली घाणेरी खाल्लेल्या गुरांनाही याच मार्गाने, यकृत बिघडून, उन्हाचा विकार होतो आणि त्यांच्या अंगावरचे पांढरे भाग तेवढे सोलून निघतात.

ऑक्सिजन नेमके काय करतो, हा प्रश्न मात्र अजून जागच्या जागीच होता. हाइडेलबेर्गचे हान्स काउट्स्की यांनी १९३१च्या सुमारास केलेला प्रयोग या सबंध इतिहासातील सर्वांत देखणा प्रयोग म्हणावा लागेल. सिलिका जेलच्या काही कणांवर त्यांनी प्रकाशसंवेदक रंग बसवला आणि दुसऱ्या कणांवर ऑक्सिडीकरण झाले की रंग धरणारे एक रंगहीन द्रव्य. मग दोन्ही कण एकमेकांत मिसळून, विरळ ऑक्सिजनमध्ये, त्यांवर प्रकाश टाकला. रंगाचे आणि द्रव्याचे रेणू वेगवेगळ्या कणांवर असल्याने त्यांची गाठ पडणे शक्य नव्हते, तरी रंगहीन द्रव्य रंगले. अर्थात दोहोंमधले अंतर ओलांडून काहीतरी गेले होते, आणि काउट्स्की यांच्या मते ते म्हणजे प्रकाशाची ऊर्जा उचलून क्षणभर उद्दीपित झालेला ऑक्सिजनचा रेणू, सिंगलेट ऑक्सिजन. त्यांच्या समकालीनांनी ही कल्पना स्वीकारली नाही आणि तीस वर्षे ती अडगळीत पडून राहिली. १९६३ मध्ये खान व कॅशा यांनी हायड्रोजन पेरॉक्साइड आणि हायपोक्लोराइट यांच्या मिश्रणातून निघणाऱ्या तांबड्या प्रकाशाचे मूळ हाच रेणू असल्याचे सांगितले, १९६४ मध्ये फूट व वेक्सलर यांनी त्याच्या रासायनिक करामती प्रकाशसंवेदकांच्या करामतींशी जुळतात हे दाखवले, आणि काउट्स्की यांच्या मृत्यूच्या, म्हणजे १९६६च्या, अगोदर त्यांचे म्हणणे खरे ठरले.

पटलाचे कोडे सुटले ते या रेणूच्या स्वभावामुळे. पाण्यात सिंगलेट ऑक्सिजनचे आयुष्य तीन-चार मायक्रोसेकंदांचे असते आणि गजबजलेल्या पेशीत त्याहूनही कमी, त्यामुळे तो जेथे जन्मतो त्याच्या आसपासच इजा करतो. म्हणून प्रकाशसंवेदक पेशीत कोठे बसला आहे यावर पेशीचे कोणते अंग बिघडेल हे ठरते. पोर्फिरिनांपैकी बरीच पाण्यापेक्षा मेदात अधिक रमतात आणि पटलात जाऊन बसतात. ऑक्सिजनही पाण्यापेक्षा मेदात कैक पटींनी अधिक विरघळतो, आणि तेथेच असंतृप्त मेदाम्लांचे दुहेरी बंध सिंगलेट ऑक्सिजनच्या आयत्या वाटेवर पडलेले असतात. त्या बंधांवर ऑक्सिजन बसला की हायड्रोपेरॉक्साइड बनते. मेदाच्या तेलकट अंतर्भागात न मावणारा हा नवा गट पाण्याकडे सरकू पाहतो, रेणूंची घट्ट रांग विस्कटते आणि त्या फटींतून आयन झिरपू लागतात. लोहाचे आयन जवळ असले तर हायड्रोपेरॉक्साइड फुटून मुक्त मूलके बनतात आणि प्रकाश बंद झाल्यावरही मेदाची नासाडी पुढे चालू राहते. पटलातील प्रथिनेही यातून सुटत नाहीत; हिस्टिडीन, ट्रिप्टोफॅन यांसारखी अमिनो आम्ले सिंगलेट ऑक्सिजनला चटकन बळी पडतात.

ही सगळी मांडणी जिवंत माणसाच्या रक्ताला लागू पडते, याचा पुरावा एका दुर्मीळ रोगातून मिळाला. मेंढ्यांच्या रोगाचा उलगडा करणारे रिमिंग्टन पुढे लंडनला गेले आणि तेथे इयन मॅग्नस यांच्याबरोबर १९६१ मध्ये त्यांनी अशा रोग्यांचे वर्णन केले, ज्यांच्या तांबड्या पेशींत प्रोटोपोर्फिरिन जन्मतःच साठते आणि ज्यांना काही मिनिटांच्या उन्हाने असह्य आग होते. लमोला, यमाने आणि ट्रॉझोलो यांनी १९७३ मध्ये अशा रोग्यांच्या रक्तपेशींवर प्रकाश टाकून पटलातील कोलेस्टेरॉल तपासले. कोलेस्टेरॉलवर मुक्त मूलकांनी घाला घातला तर त्याच्या सातव्या कार्बनवर हायड्रोपेरॉक्साइड बनते, सिंगलेट ऑक्सिजनने घातला तर पाचव्यावर, आणि त्यांना पाचव्यावरचेच द्रव्य सापडले. गुन्हेगाराच्या बोटांचे ठसे मिळावेत तसाच हा पुरावा होता. त्या आधीच, १९७० मध्ये, मिशेलीन मॅथ्यूज-रॉथ यांनी याच रोगावर बीटा कॅरोटीन वापरून पाहिले होते. कॅरोटीन नसलेले जीवाणू उजेडात मरतात हे त्यांना आधीच्या संशोधनातून माहीत होते, आणि कॅरोटीन सिंगलेट ऑक्सिजनची ऊर्जा शोषून त्याला शांत करते हे फूट व डेनी यांनी १९६८ मध्ये दाखवलेले होते.

रुग्णालयातला पुढचा इतिहास बऱ्याच ठिकाणी लिहिला गेला आहे, त्यामुळे येथे त्याची रूपरेषा पुरे. बाजारातील हिमॅटोपोर्फिरिन हे अनेक पोर्फिरिनांचे मिश्रण आहे, असे श्वार्ट्झ यांनी १९५०च्या दशकात दाखवले. मेयो क्लिनिकमध्ये लिप्सन यांनी त्यापासून अर्बुदात अधिक साठणारे द्रव्य बनवले. आणि बफेलोच्या रॉझवेल पार्क संस्थेतील टॉमस डॉअर्टी यांनी १९७८ मध्ये ते द्रव्य दिलेल्या २५ रोग्यांच्या ११३ अर्बुदांवर तांबडा प्रकाश टाकला असता त्यांपैकी १११ अर्बुदे अंशतः किंवा पूर्णपणे विरली. १९७६ मध्ये वाइसहाउप्ट, गोमर व डॉअर्टी यांनी उंदराच्या कर्कपेशींवरील प्रयोगांतून, या चिकित्सेत पेशी मारणारे द्रव्य सिंगलेट ऑक्सिजनच असल्याचे मांडले होते. हिमॅटोपोर्फिरिनपासून बनवलेले हे औषध घेतलेल्या रोग्याला काही आठवडे उन्हापासून जपावे लागते, आणि १९९३ मध्ये कॅनडाने मूत्राशयाच्या कर्करोगासाठी त्याला मान्यता दिली तेव्हाही ती अडचण कायम होती.

पेशी मरते ती नेहमी बाहेरचे पटल फुटूनच, असे मात्र नव्हे; ही समजूत रक्तपेशींच्या दीर्घ अभ्यासाने रुजवली आणि ती दुरुस्त करावी लागली. केंद्रक असलेल्या पेशीत पोर्फिरिन तंतुकणिकांच्या पटलात बसले, तर त्या पटलाची इजा पेशीला स्वतःहून मरण्याच्या ठरावीक क्रमाकडे ढकलते आणि बाहेरचे पटल शेवटपर्यंत शाबूत राहू शकते. लयकारिकांत बसले, तर त्यांतील पाचक द्रव्ये पेशीत सांडतात. ऑस्लोच्या क्रिस्तियान बेर्ग यांनी १९९९ मध्ये या दुसऱ्या इजेचा नेमका उपयोग करून घेतला. पेशीने बाहेरून गिळलेली मोठी औषधे एका पटलाच्या कोषात अडकून पडतात आणि शेवटी लयकारिकेत पचून जातात. त्या कोषाच्या पटलात प्रकाशसंवेदक बसवून, पेशी मरणार नाही इतपतच उजेड दिला, की पटल गळते आणि आतले औषध पेशीद्रवात मोकळे होते.